गुरुवारची लिफ्ट

आमच्या घरात सुट्टीचे वार दोन होते आणि त्यांची कधी गाठ पडली नाही. पप्पांच्या कारखान्याला गुरुवारची सुट्टी, माझ्या शाळेला रविवारची. त्यामुळे ज्या दिवशी पप्पा दिवसभर घरी असत, त्या दिवशी मी लोणावळ्यात सिस्टरांच्या शाळेत, इस्त्रीच्या निळ्या स्कर्टात बसलेली असे. दुपारच्या लोकलने वडगावला उतरून मी गल्लीच्या तोंडाशी पोचले की आधी आवाज ऐकू यायचे. पाना कोब्यावर पडल्याचा, पत्र्याच्या शेडमधल्या रेडिओचा, आणि कुठल्या तरी मित्राची मोटरसायकल चालू होता होता बंद पडल्याचा. मी फाटकाशी येईपर्यंत पप्पा मोरीपाशी उभे राहून हात धुवायला लागलेले असत. कपडे धुण्याची पावडर, त्यात चमचाभर साखर, आणि मग दहा मिनिटं चोळणं. माझ्या आठवणीतले गुरुवारचे पप्पा म्हणजे ते काळं पाणी. काम संपलेलं असायचं आणि मी आलेली असायचे.

पप्पा कारखान्यात मेंटेनन्सला होते. दिवसभर मोठी मशिनं दुरुस्त करायची आणि सुट्टीला लोकांच्या गाड्या उघडून बसायचं, याला आई “जत्रेतून येऊन पाळण्यात बसणं” म्हणायची. शेडमध्ये मला मज्जाव नव्हता, पण काम कधी मिळालं नाही. मी दारात उभी राहिले की पप्पा म्हणत, “तुझे हात पेन धरायचे. जा, अभ्यास कर.” ते हे प्रेमानं म्हणत. आमच्या गावी, बेडश्याच्या शाळेत चौथीपर्यंत एकाच गुरुजींकडे शिकलेल्या माणसाला मुलगी फाडफाड इंग्रजी वाचते याचं केवढं वाटत असेल, हे मला आता कळतं. तेव्हा एवढंच कळायचं की त्यांच्या आवडीच्या जागेच्या उंबऱ्यावर मला उभं करून ठेवलं आहे. मी फार बोलणारी मुलगी नव्हते, अजूनही नाही. मला काय हवं ते मी कुणालाच सांगितलं नाही.

मी अकरावीत असताना करुणा आमच्याकडे राहायला आली. ती माझ्या मोठ्या काकांची, म्हणजे आबांची मुलगी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. बेडश्याहून रोजचं जाणं-येणं जमेना आणि तिला आयटीआयला फिटरच्या ट्रेडला प्रवेश मिळालेला. तिचे वर्ग दुपारचे. सकाळ सगळी मोकळी, आणि त्यात गुरुवारची सकाळही. पहिल्याच गुरुवारी ती शेडमध्ये गेली, पप्पांच्या शेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, “तात्या, ह्यो नट उलट्या आट्याचा हाय का?” तो खरंच उलट्या आट्याचा होता, उलटीकडे फिरवला तरच सुटणारा. हे मला आईनं संध्याकाळी सांगितलं, आणि पप्पांनी रात्रीच्या जेवणाला पुन्हा सांगितलं, आणि शुक्रवारी फोनवर आबांना तिसऱ्यांदा. मी तांदळाच्या भाकरीबरोबर सुकटीची चटणी चिवडत बसले. त्या दिवसापासून चटणीच्या वासाबरोबर मला तो नट आठवतो.

करुणाबद्दल वाईट सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि हीच माझी अडचण होती. ती पहाटे उठून पाणी भरायची, आईच्या अंगणवाडीतल्या मुलांच्या तक्त्यांचा गठ्ठा पोचवायची, रविवारी विहारात वंदनेला सगळ्यांच्या आधी बसायची. तिची नखं काळी असत आणि ती लपवायची नाही. माझ्या शाळेच्या वह्यांना ती बोट लावण्याआधी मात्र हात धुवायची. “लय बारीक अक्षर गं तुजं, मिता,” म्हणायची, “मुंगी चालल्यावानी.” ती हे कौतुकानं म्हणते की टोमण्यानं, हे मी तासन्‌तास ठरवत बसायचे.

त्या पावसाळ्यात पप्पांची पाठ गेली. मणक्यातली चकती सरकली होती. डॉक्टरांनी सांगितलं की नोकरी सांभाळून करा, पण उकिडवं बसणं आणि वाकणं बंद. पाटावर बसून मोटरसायकल उघडणाऱ्या माणसाला हे सांगणं म्हणजे शेड बंद कर म्हणून सांगणंच. दोन गुरुवार ते पलंगावर पडून छताकडे बघत राहिले. रेडिओसुद्धा लावला नाही. तिसऱ्या गुरुवारी करुणा म्हणाली, “तात्या, तुमी खाली वाकू नका. गाडीच वर आणू.”

अशी लिफ्टची गोष्ट निघाली. आणि तिथे पहिल्यांदा माझी गरज लागली, कारण माहिती सगळी इंग्रजीत. संध्याकाळी पप्पा उशी पाठीशी घेऊन बसत, करुणा खाली चटईवर, आणि मी फोनवर वाचून मराठीत सांगे. ते आठ-दहा दिवस मला फार आवडले. निवडायला तीन गोष्टी होत्या. एक, कात्रीसारखा छोटा जॅक. इंजिनाखाली सरकवायचा आणि फिरवला की गाडी वर. जागा कमी लागते म्हणून पप्पांना तो पसंत होता. करुणानं मान हलवली. “आपल्या गाडीला खाली सपाट कुटं हाय? पाइपच हाईत सगळं. टेकणार कशावर?” दुसरा उपाय कारखान्यातल्या एका मित्रानं सुचवला होता: शेडच्या पत्र्याखालच्या लोखंडी आडव्याला साखळीची कप्पी लावायची आणि गाडी टांगायची. त्यावर पप्पाच हसले. “तो आडवा पत्रे धरायला घातलाय. त्याला गाडी टांगली तर शेड आणि गाडी दोन्ही माझ्या अंगावर.” राहिली तिसरी, टेबलासारखी लिफ्ट. गाडी ढकलत वर चढवायची, पुढचं चाक लोखंडी जबड्यात धरायचं, दोन्ही बाजूंना पट्टे बांधायचे, आणि पायानं पेडल मारत मारत, तेलाच्या दाबानं, कमरेइतकी वर न्यायची.

तळेगावच्या एका गॅरेजात तशी एक होती. एका सार्वजनिक सुट्टीला आम्ही तिघं ती बघायला गेलो. पप्पांनी ती वर जाताना बघितलीच नाही. म्हणाले, “वर सगळ्याच जातात. गाडी ठेवून खाली आण.” ती हळूहळू, म्हाताऱ्या माणसासारखी बसत खाली आली तेव्हा त्यांचं समाधान झालं. मग त्यांनी आम्हाला खालची जाड आडवी पट्टी दाखवली, जी लिफ्ट वर गेली की खाचेत खट्‌कन बसते. “तेल वर नेतं, लोखंड धरून ठेवतं. तेलावर विश्वास ठेवायचा नाही. वॉशर कधी जाईल सांगता येत नाही. खट्‌ ऐकल्याशिवाय हात आत घालायचा नाही.” आपल्या गाडीच्या वजनाच्या दुपटीला तरी पुरेल अशी घ्यायची, फळी गाडीपेक्षा लांब हवी, खालचा कोबा समपातळीत हवा, हे सगळं त्या एका दुपारी ठरलं. करुणानं घरी येऊन शेडच्या भिंतीवर खडूनं रेघ मारली: लिफ्ट पूर्ण वर गेली की गाडीचं हँडल इथे येईल आणि आरसा पत्र्याला लागेल. म्हणून शेवटची खाच वापरायची नाही. मीही एक गोष्ट शोधली होती. काही लिफ्टना मागच्या चाकाखाली एक निघणारी पट्टी असते, म्हणजे ती काढली की चाक सरळ खाली उतरवता येतं, गाडी आणखी उचलावी लागत नाही. पप्पा म्हणाले, “हे बरं शोधलंस.” आणि आम्ही तशीच मागवली. पण पुढे जो कोणी लिफ्ट बघायला येई त्याला पप्पा भिंतीवरची खडूची रेघ दाखवत. “पोरीनं माप काढलं म्हणून, नाहीतर आरसा गेला असता.” त्या वाक्यातली पोरगी मी नव्हते. चाकाखालची पट्टी कुणी दाखवली नाही. ती बसवलेली असताना दिसतही नाही.

लिफ्ट आली त्याबरोबर एक पातळ पुस्तिका आली. पप्पांचा नियम होता की पुस्तिका पहिल्या पानापासून वाचल्याशिवाय मशिनाला हात लावायचा नाही. रविवारी सकाळी, पप्पा दुसऱ्या पाळीला जायच्या आधी, आम्ही ओट्यावर बसलो. आईनं हुलग्याची शेंगोळी केली होती, ताटल्या मांडीवर होत्या. मी नीट तयारी केली होती. अवघड शब्द आदल्या दिवशी बघून ठेवले होते. मी एक वाक्य इंग्रजीत वाचायचे आणि मग मराठीत सांगायचे. पण माझं मराठी शाळेत गंजलेलं. मी शब्द शोधत असताना करुणा वाक्य पुरं करून टाकायची. “लिफ्ट वर घेतल्यानंतर, ते जे, म्हणजे...” “खट्‌ झाल्याबिगर खाली शिरायचं न्हाई. व्हय ना? फुडं.” पप्पा हसले. मी पुढचं वाचलं. “पट्टे दोन्हीकडून सारख्या...” “ताणानं. एकीकडं जास्त ओढलं तर गाडी कलंडंल. फुडं.” तिला इंग्रजीचा गंध नव्हता आणि पुस्तिकेत काय लिहिलं असेल ते तिला माझ्याआधी माहीत होतं. चौदा वर्षं स्कर्टाला इस्त्री करून मी जे एक शिकले होते, त्याची सुद्धा तिला गरज नव्हती. पप्पा आता माझ्याकडे बघतही नव्हते, तिच्याकडे बघत होते, पुढचं तीच सांगणार असल्यासारखे.

मग ते पान आलं. त्यावर एक चौकट होती आणि चौकटीत लिहिलं होतं: मागचं चाक किंवा कोणताही जड भाग काढण्याआधी इंजिनाखाली वेगळा आधार द्या; गाडीच्या स्वतःच्या स्टँडवर विसंबू नका. मी ते मनात वाचलं. करुणानं शेंगोळीचा घास घेतला आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, “फुडं.” मी पान उलटलं. “बाकी तेच तेच आहे,” मी म्हणाले.

मी विसरले नव्हते आणि मला ते कळलं नव्हतं असंही नाही. बऱ्याच वर्षांनी एका मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, अगं, लहान होतीस. सतराव्या वर्षी माणूस इतका लहान नसतो. मला एक गोष्ट हवी होती जी तिला माहीत नाही आणि मला माहीत आहे. ती कसली आहे याचा मी विचार केला नाही.

लिफ्टनं शेड पुन्हा चालू झाली. पप्पा उंच स्टुलावर ताठ बसत आणि गाडी त्यांच्या छातीसमोर येई. त्यांनी कारखान्यातली एक पद्धत घरी आणली. तेलाच्या डब्याच्या झाकणाचे दोन गोल कापले, लाल रंग दिला आणि पांढऱ्या रंगानं नावं लिहिली. एकावर “तात्या”, एकावर “करुणा”. ज्याचा हात गाडीत असेल त्यानं आपला बिल्ला पेडलला अडकवायचा. पेडलवर बिल्ला दिसला की दुसऱ्या कुणी पेडलला पाय लावायचा नाही, आणि दुसऱ्याचा बिल्ला काढायचा नाही, काही झालं तरी. “आमच्याकडे साहेब आला तरी काढत नाही,” पप्पा म्हणत. बिल्ले खिळ्याला टांगलेले असत. दोन खिळे होते. तिसरा कुणी ठोकला नाही, आणि ठोकायचं काही कारणही नव्हतं. मी गाडीत हात घालतच नव्हते. तरी शेडवरून जाताना मी ते दोन खिळे मोजायचे.

दिवाळीच्या सुट्टीत, लिफ्ट आल्यापासून पहिल्यांदा, माझा आणि पप्पांचा गुरुवार एक झाला. आई पोहे भाजत होती, घरभर त्याचा वास. मी सकाळी लवकर आवरून शेडकडे गेले तर लिफ्टवर आमची जुनी गाडी चढवलेली. ताडपत्रीखाली कित्येक वर्षं उभी असलेली. ह्याच गाडीवरून मला दवाखान्यातून घरी आणलं होतं, आईच्या मांडीवर, दुपट्यात. मी विचारलं, “ही कशाला काढली?” पप्पा आनंदात होते. “करुणाला. बसची वाट बघत बसते रोज. महिन्याभरात चालू करतो. लायसन काढायचं तिचं.” करुणानं पान्यावरून वर बघितलं. “तुला बी शिकवीन गं,” ती म्हणाली.

मी घरात जाऊन चहा केला. चहा उकळत होता तेव्हा माझ्या डोक्यात एकच वाक्य होतं, तुला बी शिकवीन. माझ्या पप्पांची गाडी, आणि मला ती शिकवणार. मी कप घेऊन बाहेर आले. मागचं चाक काढून भिंतीला टेकवलेलं होतं. खालची ती निघणारी पट्टी, मी शोधलेली, काढून बाजूला ठेवलेली. गाडी स्वतःच्या मधल्या स्टँडवर उभी होती आणि तो स्टँड झिजलेला होता. इंजिनाखाली काही नव्हतं. पेडलवर लाल बिल्ला होता, करुणाचा. पप्पा जुन्या साखळीला घासत थोडे लांब बसले होते. करुणा एका गंजलेल्या बोल्टाशी झटत होती, पान्याला पाइप लावून, आणि डावा हात आत घालून मागून आधार देत.

चौकटीतलं वाक्य मला अक्षर न् अक्षर दिसलं. मी कप स्टुलावर ठेवले. “चहा,” मी म्हणाले, आणि वळले.

मी उंबऱ्यापर्यंत पोचले होते. मागे आधी पाइप घसरल्याचा आवाज, मग स्टँड मिटल्याचा, आणि मग काहीतरी जड खाली बसल्याचा. चाक असतं तर गाडी चाकावर बसली असती. चाक नव्हतं. करुणा ओरडली नाही. ती फक्त म्हणाली, “तात्या, हात.” पप्पांनी पाठीचा विचार न करता गाडीचं शेपूट उचललं. आई कढई तशीच ठेवून धावली. पोहे करपल्याचा वास संध्याकाळपर्यंत घरात होता.

डाव्या हाताची दोन बोटं मोडली होती. तळेगावच्या दवाखान्यात त्यात तार घातली आणि तिला दोन दिवस ठेवून घेतलं. पप्पांनी गाडी दोरानं बांधून टाकली, पण लिफ्ट खाली घेतली नाही. आई म्हणाली, “अहो, बघवत नाही ती तशी. खाली तरी घ्या.” पप्पा म्हणाले, “बिल्ला आहे तिचा.” आणि खरंच, वाकडी झालेली ती गाडी दोन दिवस तशीच अधांतरी राहिली आणि पेडलवर तो लाल गोल. मी पाणी भरायला जाता-येता तो बघायचे. त्यावरचं नाव पप्पांच्या हातचं होतं, “रु”चा उकार जरा मोठा झालेला. करुणा घरी नव्हती. घरात मी एकटीच मुलगी होते, हेच तर मला हवं होतं. पप्पा माझ्याशी दोन दिवसांत चार शब्द बोलले नाहीत, कारण ते कुणाशीच बोलले नाहीत.

रविवारी ती आली, गळ्यात हात अडकवून. पप्पांनी रजा टाकली होती. बरोबर आबा. ती घरात शिरली नाही, सरळ शेडमध्ये गेली, उजव्या हातानं बिल्ला काढला आणि खिळ्याला लावला. मग म्हणाली, “घ्या आता खाली.” पप्पांनी खाचेतली पट्टी सोडवली आणि पेडल खालपर्यंत दाबून धरलं. लिफ्ट हळूहळू बसली.

आबा ओट्यावर टेकले. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. “तुझ्या भरवशावर ठेवली हुती,” ते पप्पांना म्हणाले. “हे पोरींचं काम न्हाई. आमचंच चुकलं. कापडं भर गं करुणे, घरी जायाचं.”

“माझी परीक्षा हाय, आबा,” करुणा म्हणाली. “प्रॅक्टिकल.”

“हात कुटं हाय परीक्षा द्यायला?”

पप्पा उठले आणि आतून ती पुस्तिका घेऊन आले. “दादा, अर्धा तास बसा. आमच्याकडे अपघात झाला की पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचतात. चूक कुठे झाली ते कळल्याशिवाय कुणी घरी जात नाही.” त्यांनी पुस्तिका माझ्या हातात दिली. “वाच, मिता.”

मी वाचलं. इंग्रजीत एक वाक्य, मराठीत एक वाक्य. करुणा या वेळी मध्ये बोलली नाही, औषधांनी ती पेंगुळली होती. पान जवळ येत होतं हे माझ्या अंगठ्याला कळत होतं. पुन्हा उलटता आलं असतं. बाकी कुणालाही तेवढं इंग्रजी येत नव्हतं. करुणा बेडश्याला गेली असती, गाडी पुन्हा ताडपत्रीखाली गेली असती, आणि गुरुवारी शेडमध्ये एक खिळा रिकामा झाला असता. हे सगळं मी त्या क्षणी नीट बघितलं. मग मी चौकट वाचली.

पप्पांनी विचारलं, “हे तेव्हा वाचलं होतंस?”

मी तोंड उघडायच्या आत करुणा म्हणाली, “वाचलं आसंल, तात्या. मीच फुडं फुडं करत हुते. माजं ध्यान नव्हतं.”

आबांनी मान हलवली. “बगा. ध्यान न्हाई म्हणती. असल्या कामात ध्यान नसंल तर काय हुणार? ऊठ.”

आज प्रामाणिकपणे सांगायचं तर मला तेव्हा आधी राग आला. इथेही ती माझ्या पुढे. माझी चूकसुद्धा तिनं माझ्याआधी उचलली होती, आणि किती सहज. मी म्हणाले, “नाही वाचलं. मला दिसलं होतं. मी पान उलटलं.” आणि आबांकडे बघून, कारण पप्पांकडे बघवत नव्हतं, “तिचं ध्यान होतं, आबा. तिला जेवढं सांगितलं तेवढं सगळं तिनं केलं होतं. गुरुवारीही मला दिसलं होतं. मी चहा ठेवून आत गेले.”

आई दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. पप्पा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं आता हात उगारतील. त्यांनी तो कधी उगारला नव्हता, पण मला तेव्हा ते बरं वाटलं असतं. ते म्हणाले, “पुन्हा वाच ती ओळ.” मी वाचली. “मराठीत.” मी सांगितली. “पुन्हा.” तीन वेळा. मग आबांना म्हणाले, “दादा, करुणाची चूक नाही. मिताची आहे आणि माझीही आहे. स्टँड झिजलेला मला माहीत होता. माझ्या दोन्ही पोरी इथंच राहू द्या.”

आबांनी माझ्याकडे असं बघितलं की ते मी लिहू शकत नाही. पण त्यांनी पाणी मागितलं.

करुणाची मी क्षमा मागितली ती रात्री, भांडी विसळताना, तिच्याकडे पाठ करून. ती म्हणाली, “येवढा राग हुता व्हय माझा?” मी हो म्हणाले. “मला तुजी वही बघून यायचा,” ती म्हणाली. “पण मी काय तुजी वही फाडली न्हाई.” आणि आत जाऊन झोपली. दोन आठवडे ती माझ्याशी कामापुरतं बोलली. ते योग्यच होतं.

पुढच्या गुरुवारी पप्पांनी मला शेडमध्ये बोलावलं आणि काळ्या ऑइलपेंटचा डबा आणि बारका ब्रश दिला. पूर्ण पुस्तिका भिंतीवर मराठीत लिहायची, खडूच्या रेघेच्या खाली. एकही ओळ गाळायची नाही. मला चार दिवस लागले. माझं मराठी शुद्धलेखन बघून आईनं दोन शब्द खरवडून पुन्हा लिहायला लावले, आणि करुणा स्टुलावर बसून, प्लास्टरचा हात मांडीवर, मला शब्द देत राहिली: ताण, खाच, आधार. प्लास्टर निघेपर्यंत तिच्या डाव्या हाताचं काम मी केलं. तिनं सांगायचं, मी धरायचं. तेव्हा पेडलवर तिचाच बिल्ला असायचा, कारण निर्णय तिचा. प्रॅक्टिकल तिनं त्यानंतरच्या खेपेला दिलं. एक खेप माझ्यामुळे गेली.

आता ती तळेगावला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, आणि तिचीही सुट्टी गुरुवारी असते. दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत. थंडीत दुखतात असं आई सांगते, ती सांगत नाही. मी पुण्यात नोकरी करते, भाषांतराची, आणि मधूनमधून गुरुवारी रजा टाकून घरी जाते. खिळे अजून दोनच आहेत. पप्पांना कधी सुचलं नाही, मी कधी मागितलं नाही, आणि तो लाल गोल मला अजून हवासा वाटतो, या वयात, हे लिहायला मला लाज वाटते.

मी गेले की मात्र एक होतं. मागचं चाक काढायची वेळ आली की करुणा बिल्ला अडकवते, हात मागे घेते आणि म्हणते, “वाच गं.” सगळ्यांना ते पाठ आहे. पप्पांना तर झोपेत विचारलं तरी सांगतील. तरी मी भिंतीपाशी उभी राहून मोठ्यानं वाचते: मागचं चाक काढण्याआधी इंजिनाखाली वेगळा आधार द्या. मग करुणा लाकडाचा ठोकळा सरकवते. मी दुसरा अर्धा भाग वाचते. ती पुढचा शब्द माझ्याआधी म्हणत नाही. माझं संपेपर्यंत थांबते, दोन्ही हात बाहेर ठेवून.